मीठ संपलेली युद्धनौका: ‘मोबाइल सूट गंडम’ (१९७९) बघणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या सोळाव्या भागात व्हाइट बेस या युद्धनौकेचा आचारी तरुण कप्तानाकडे येतो आणि सांगतो, मीठ संपत आलंय. शत्रू मागावर आहे, १८ मीटर उंचीचा गंडम हा लढाऊ यंत्रमानव खाली हँगरमध्ये उभा आहे, आणि जहाज मिठासाठी मध्य आशियातल्या लोप नोरच्या दिशेनं वळतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. यंत्रमानवांच्या गोष्टीत कुणी मिठाचा साठा मोजेल असं मला वाटलंच नव्हतं.

मी एका यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं स्टोअर्स सांभाळते आहे. कोणती वस्तू कधी संपणार, कुणी इंडेंट (मागणीपत्र) उशिरा दिला, एका ऑइल सीलवाचून अख्खी लाइन कशी उभी राहते, हे माझं रोजचं आहे. त्यामुळे पडद्यावर लढाई सुरू झाली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, दारूगोळा आणून कोण देतंय? या मालिकेत त्याला उत्तर आहे, आणि उत्तराला नाव-चेहरा आहे. मतिल्दा नावाची एक लेफ्टनंट मेडिया हे मालवाहू विमान घेऊन येते, सुटे भाग उतरवते, जखमींना घेऊन जाते. चोविसाव्या भागात ती मारली जाते, तेव्हा जहाजावरच्या पोरांचं काय जातं ते मला फार नीट कळलं.

माझ्या पुतण्यानं आणि त्याच्या मित्रमंडळीनं अलीकडे ही मालिका बघायला घेतली. “काकू, तू तीनदा बघितलीस ना, मग उत्तरं दे,” म्हणून त्यानं वहीच्या पानावर प्रश्न लिहून आणले. शेवट मी फोडणार नाही; मधलं मात्र पुष्कळ सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

पहिला प्रश्न सगळ्यांचाच असतो: मालिका बघायची की तीन चित्रपटांवर भागवायचं? मालिका बघा. ती नागोया टीव्हीवर ७ एप्रिल १९७९ ला सुरू झाली आणि २६ जानेवारी १९८० ला संपली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, माणसांची चित्रं योशिकाझु यासुहिको यांची, यंत्रांची कुनिओ ओकावारा यांची. ठरले होते ५२ भाग, झाले ४३. प्रेक्षक कमी होते आणि मुख्य प्रायोजक क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी होती, त्यामुळे गोष्ट आवरती घ्यावी लागली. पुनःप्रक्षेपणात मात्र लोक तुटून पडले. मग १९८१ च्या मार्चमध्ये पहिला चित्रपट आला, जुलैत दुसरा आणि १९८२ च्या मार्चमध्ये तिसरा. पहिला चित्रपट लागण्याआधी, २२ फेब्रुवारी १९८१ ला, तोक्योतल्या शिंजुकू स्थानकाबाहेर चाहत्यांची जी गर्दी झाली तिची आठवण जपानमध्ये अजून काढतात.

चित्रपट वाईट नाहीत. तिसऱ्यात तर यासुहिकोंनी बरंच काम नव्यानं रेखाटलंय आणि ते देखणं आहे. पण चित्रपटात थकवा मावत नाही. मालिकेत ही पोरं आठवड्यामागून आठवडे झोपेविना लढतात, एकमेकांवर खेकसतात, तासाभराची विश्रांती मिळाली की कुठेही अंग टाकतात. हे भागामागून भाग बघावं लागतं, तेव्हाच आपल्याही अंगात उतरतं. दोन-अडीच तासांत ते घाईनं निघून जातं.

दुसरा प्रश्न: क्षेपणास्त्रं असताना माणसासारखं हातपाय असलेलं यंत्र कशाला? मालिकेचं उत्तर आहे मिनोव्स्की कण. ते हवेत किंवा अवकाशात पसरले की रडार आंधळं होतं, रेडिओ बंद पडतो, लांबून नेम धरणारी शस्त्रं कुचकामी होतात. मग लढाई पुन्हा डोळ्यांनी बघून, जवळ जाऊन करावी लागते. हे कण काल्पनिक आहेत, पण त्यांची शिस्त पाळली गेली आहे. संदेश पोचत नाहीत म्हणून व्हाइट बेस कित्येक भाग एकटी पडते, वरिष्ठांना तिची खबर नसते, रसद चुकते. एक गोष्ट कल्पिली आणि तिचे परिणाम शेवटपर्यंत भोगायला लावले, याला मी चांगलं काम म्हणते. अवकाशातल्या वसाहतींचंही तसंच. लांबलचक दंडगोल स्वतःभोवती फिरतात आणि आतल्या भिंतीवर माणसं राहतात, ही कल्पना अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी सत्तरच्या दशकात मांडली होती. मालिकेनं ती उचलली आणि तिथे घरं, रस्ते, निर्वासितांच्या रांगा उभ्या केल्या.

वजनाचा प्रश्न मला स्वतःला आवडला, कारण आमच्याकडे वजनकाट्याशिवाय माल आत येत नाही. गंडमची उंची १८ मीटर, रिकामं वजन ४३.४ टन, सगळ्या साहित्यासह ६० टन असं दिलं आहे. आता आकडेमोड करा. पावणेदोन मीटर उंचीचा ७० किलोचा माणूस घ्या. गंडम त्याच्या साधारण सव्वादहा पट उंच. उंची सव्वादहा पट झाली की घनफळ हजार पटीच्या वर जातं, म्हणजे हाडामांसाचा माणूसच तेवढा वाढवला तर ७५ टनांच्या आसपास भरेल. गंडम त्याहून हलका आहे, आणि तो चिलखती धातूचा! पाण्यात टाकला तर तरंगेल. तेव्हा हा आकडा मला पटत नाही, आणि हे सांगताना मालिकेवरचं प्रेम तसूभरही कमी होत नाही. योकोहामाला डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत १८ मीटरचा हलणारा गंडम उभा होता. त्याचं वजन २५ टनांच्या आसपास होतं आणि कंबरेला मागून आधार दिलेला होता. त्या आधाराचं मला फार कौतुक वाटतं. ज्यांनी तो बांधला त्यांनी सांधे, मोटारी आणि भार यांचा खराखुरा हिशेब केला आणि जिथे टेकू हवा तिथे दिला.

रंगांचं विचारलं आहे: युद्धातलं यंत्र पांढरं, छातीला निळं, पायाशी लाल, असं भडक का? खेळणी विकायची होती म्हणून. लढाऊ यंत्र फिकट, करड्या रंगाचं असावं अशी मालिका बनवणाऱ्या मंडळींची इच्छा होती. प्रायोजकाला लहान मुलांच्या नजरेत भरेल असे रंग हवे होते. त्याच हट्टातून मध्येच जी-आर्मर नावाची जोडयंत्रं आली आणि ती जोडण्याचे तेच ते देखावे पुन्हा पुन्हा आले. हा मालिकेतला मला सर्वांत कंटाळवाणा भाग. चित्रपटांत जी-आर्मर काढून टाकलं आहे, आणि तिथे चित्रपटाला पूर्ण गुण. गंमत बघा, ज्यांनी खेळण्यांचा हिशेब केला त्यांचा अंदाज चुकला. मालिका जानेवारी १९८० मध्ये संपली आणि बांदाई या कंपनीचं प्लास्टिकचं मॉडेल जुलैत बाजारात आलं, १/१४४ प्रमाणात, ३०० येनला. म्हणजे साडेबारा सेंटीमीटरचा गंडम, स्वतः जोडायचा. तो इतका खपला की माल पुरेना. मागणी होतीच, ती थोड्या मोठ्या वयाच्या मुलांची होती आणि त्यांना तयार खेळणं नको होतं.

आता ज्या प्रश्नावर पुतण्याच्या मित्रांत भांडण झालं तो: गंडम चालवणारा अमुरो एवढा रडका का? चिडतो, खोलीत बसून राहतो, एकदा तर गंडम घेऊनच पळून जातो. असला नायक कसा सहन करायचा?

पोरांनो, पहिला भाग परत लावा आणि या वेळी लढाई सोडून त्याच्याकडे बघा. अमुरो रे १५ वर्षांचा आहे. पृथ्वीच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या झिऑन या अवकाशातल्या राज्याचे झाकू, म्हणजे त्यांचे लढाऊ यंत्रमानव, त्याच्या वसाहतीत घुसतात, शेजारपाजारची माणसं त्याच्या डोळ्यांदेखत मरतात. त्याच्या हाताला गंडमची माहितीपुस्तिका लागते आणि तो आत बसून, पानं उलटत, यंत्र चालू करतो. (पुस्तिका आधी वाचणारा नायक! मला तो तिथेच आवडला.) पहिला झाकू तो तलवारीनं कापतो आणि त्याचा स्फोट होतो. त्या स्फोटानं वसाहतीच्या भिंतीला भोक पडतं. त्या भोकातून त्याचे वडील, गंडम बनवणाऱ्यांतले अभियंते टेम रे, बाहेर अवकाशात ओढले जातात. अमुरोला हे माहीत नाही. पण भिंत फुटली हे त्याला दिसतं, आणि दुसऱ्या झाकूच्या वेळी तो स्फोट होऊ नये म्हणून नेमका चालकाच्या जागी वार करतो. म्हणजे यंत्र वाचवायचं तर माणूस मारायचा, हे १५ वर्षांचं पोर पहिल्याच दिवशी शिकतं.

यानंतर त्याला सुट्टी नाही. कप्तान ब्राइट नोआ तरी कोण मोठा, तोही १९ वर्षांचाच. तो नवव्या भागात अमुरोला थोबाडीत मारतो आणि तो प्रसंग फार गाजला आहे. मला तो बघवत नाही. जहाजात मोठं माणूस उरलेलं नाही, म्हणून एका मुलानं दुसऱ्या मुलाला मारून कामाला लावायचं. मालिका ब्राइटला खलनायक करत नाही आणि त्याचं कौतुकही करत नाही. पण एक तक्रार नोंदवते: पुढे या मालिकेत मुलींनाही सहज थपडा बसतात आणि तिथे तिला त्याचं काही वाटत नाही. हे तेव्हाही चूक होतं.

मग तेरावा भाग. अमुरो आईला भेटायला जातो. ती निर्वासितांच्या छावणीत सेवा करते आहे. झिऑनचे सैनिक तपासणीला येतात, आई त्याला खाटेवर झोपवून पांघरूण घालते. पांघरुणाखाली त्याच्या हातात पिस्तूल आहे. सैनिक जवळ येतो आणि तो पांघरुणातूनच गोळी झाडतो. आईचा जीव वाचला, त्याचाही वाचला, पण ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघते ती त्याला आयुष्यभर पुरेल. निघताना तो तिला मिठी मारत नाही. टाचा जुळवून सलाम करतो, परक्या बाईला करावा तसा. एवढं झाल्यावर सतराव्या भागात तो पळून गेला तर मी त्याला रडका म्हणू? आमच्या कारखान्यात सलग तीन पाळ्या केलेला माणूस मशीनवर उभा राहिला तर सुपरवायझर त्याला घरी पाठवतो. अमुरोला घरी पाठवणारं कुणी नव्हतं आणि घरही नव्हतं.

झिऑन बरोबर की चूक? हा प्रश्न तीन जणांनी विचारला आहे, कारण झिऑनचा लढवय्या शार अझ्नाबल सगळ्यांना आवडतो. लाल झाकू, मुखवटा, थंड आवाज; मलाही आवडतो. अवकाशात राहणाऱ्यांवर पृथ्वीवरच्या सरकारनं अन्याय केला, हे झिऑनचं म्हणणं खोटं नाही. पण सुरुवातीचं निवेदन ऐकू येतं, ते वगळू नका: महिन्याभराच्या युद्धात मानवजातीतली निम्मी माणसं मेली. वसाहत उचलून पृथ्वीवर आदळणाऱ्यांची बाजू न्याय्य म्हणता येत नाही. त्याच वेळी झिऑनचा साधा सैनिक राक्षस नसतो, आणि हे मालिका जितक्या जवळून दाखवते तितकं मी क्वचित पाहिलं आहे.

आठवा भाग बघा. व्हाइट बेसवरचे काही निर्वासित जमिनीवर उतरवले जातात. त्यांतली एक आई छोट्या मुलाला घेऊन ओसाड माळावरून चालत निघते, नवऱ्याच्या गावाला, सेंट आंजला जायला. टेहळणी विमानातले झिऑनचे सैनिक तिला बघतात आणि तिच्यासाठी खाण्यापिण्याचं सामान देतात. ती त्यांतल्या एकाला विचारते, सेंट आंज अजून किती लांब? तो सांगतो, गाव इथेच होतं. आजूबाजूला फक्त खड्डे आणि धूळ. त्या सैनिकाला दुसरं काही बोलता येत नाही आणि ती बाई तिथेच मुलाला जवळ घेऊन बसते. या दृश्यात गंडम नाही. मला मात्र संपूर्ण मालिकेतलं युद्ध त्या माळावर दिसतं.

रांबा रालबद्दलही एवढंच सांगते, कारण ते माझ्या खात्यातलं आहे. हा झिऑनचा जुना, सभ्य सेनानी. त्याला डोम ही नवी यंत्रं मिळायची होती. त्याच्याच बाजूचा मा-कुबे ती पोचू देत नाही, आतल्या राजकारणापायी. यंत्रं नाहीत म्हणून राल आपल्या माणसांना घेऊन व्हाइट बेसवर हातघाईची लढाई करायला जातो आणि तिथे संपतो. अमुरो शूर म्हणून जिंकला हे खरंच, पण रालचं मरण आधी मालाच्या कागदावर ठरलं होतं. मंजूर झालेला माल न पोचल्यानं काय होतं, हे मी इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिलेलं नाही.

न्यूटाइप म्हणजे काय, यावर माझं उत्तर छोटं आहे. अवकाशात राहून माणसाची जाणीव वाढते आणि दुसऱ्याचं मन शब्दांवाचून कळतं, असं मालिका म्हणते. लाला ही न्यूटाइप मुलगी आल्यावर हा धागा एकदम वेग घेतो. कमी केलेल्या भागांचा फटका इथे बसला आहे. जे हळूहळू उमलायला हवं होतं ते धावतपळत येतं. तरी अमुरोचे हात इतके जलद होतात की गंडमच त्याला मागे पडायला लागतो आणि सांध्यांवर चुंबकीय प्रक्रिया करून यंत्राला त्याच्या वेगापर्यंत आणावं लागतं, हा तपशील मला खूप आवडतो. मनाची गोष्ट सांगतानाही ती सांध्याच्या घर्षणापर्यंत जाऊन पोचते.

चित्रं जुनी वाटतील का? हो, वाटतील. उत्तरार्धात यासुहिको आजारी पडले आणि तो फरक चेहऱ्यांत लख्ख दिसतो. पंधरावा, डोआनच्या बेटाचा भाग तर इतका वेडावाकडा रेखाटलाय की तो मालिकेच्या इंग्रजी आवृत्तीतून वगळला गेला. पण गोष्ट म्हणून तो चांगला आहे: एक पळालेला झिऑन सैनिक अनाथ मुलांना सांभाळतो, एवढीच. यासुहिकोंनी त्यावर २०२२ मध्ये पूर्ण चित्रपट काढला. तुमच्याकडे पंधरावा भाग असेल तर वगळू नका.

शेवटचा प्रश्न एका मुलीनं विचारला आहे: काकू, तुम्हाला सगळ्यांत जवळचा भाग कोणता?

तेहतिसावा. जहाज साइड सहा या तटस्थ वसाहतीत थांबतं आणि अमुरोला रस्त्यात वडील दिसतात. पहिल्या भागातल्या त्या भोकातून बाहेर गेलेले टेम रे जिवंत आहेत. प्राणवायू कमी पडून त्यांच्या मेंदूवर परिणाम झाला आहे, एका भंगाराच्या दुकानाच्या वर राहतात. मुलगा भेटल्याचा आनंद त्यांना होत नाही. गंडम कसा चाललाय हे विचारतात. अमुरो सांगतो, मी आईला भेटलो. ते त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. ते त्याच्या हातात एक भाग ठेवतात, हा गंडमला बसव, ताकद किती वाढेल बघ, आणि लवकर जा म्हणून त्याला पिटाळतात. अमुरो तो भाग हातात घेऊन बघतो. जुना आहे, कधीच मागे पडलेला. बाहेर आल्यावर अमुरो तो भाग रस्त्यावर आपटतो आणि रडत पळत सुटतो.

माझ्या स्टोअर्सच्या मागच्या भिंतीला एक रॅक आहे. ज्या मशीन आता कारखान्यात उरल्या नाहीत त्यांचे सुटे भाग तिथे आहेत, ग्रीस लावलेले, कागदात गुंडाळलेले, प्रत्येकाला टॅग. ते काढून टाका असं दर वर्षी ऑडिटला सांगतात. टॅगवरचं अक्षर निवृत्त झालेल्या एका फोरमनसाहेबांचं आहे. अजून कधीमधी ते गेटवर येतात, आणि त्यांचा तो गिअर चालू आहे ना, असं विचारतात. मी म्हणते, आहे साहेब, चालू आहे.